चार सुती बोल्ट आणि गोदावरी

(गोदाघाटावरच्या उन्हाळी व्याख्यानमालेत नौदलातल्या एका निवृत्त आर्टिफिसरने, म्हणजे यंत्रं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने, केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

माईक जरा लांबच ठेवतो. वीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. घरीसुद्धा मीठ मागितलं तर शेजारचे आणून देतात.

संयोजक घरी आले तेव्हा म्हणाले, युद्धनौकांवर बोला. मी म्हटलं, तोफा आणि क्षेपणास्त्रांवर बोलणारे पुष्कळ आहेत, रोज रात्री टीव्हीवर असतात. मला वॉशर आणि पॅकिंगवर बोलू द्या. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, बरं, पण पत्रिकेवर जहाजाचं नाव तरी येऊ द्या. म्हणून 'गोदावरी वर्गातल्या फ्रिगेट आणि त्यांचे सुटे भाग' असं भारदस्त छापलंय. आत वॉशरच आहेत.

आयएनएस गोदावरी ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, १० डिसेंबर १९८३ ला नौदलात दाखल झाली. पाठोपाठ १९८५ मध्ये गंगा, १९८८ मध्ये गोमती. तिघीही मुंबईच्या माझगाव डॉकमधल्या. मी या वर्गाच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या, जहाजांवर होतो, त्याआधीच्या नीलगिरी वर्गावरही होतो. आता आपल्याकडची जुनी माणसं या समोरच्या नदीला गोदावरी कुठे म्हणतात? 'गंगेवर जाऊन येते' असंच म्हणतात. रजेवर आलो तेव्हा आजीला सांगितलं, एका बोटीचं नाव गोदावरी आणि दुसरीचं गंगा. आजी म्हणाली, "दोन बोटींना एकच नाव कशाला दिलं रे?" तिचं बरोबरच होतं. दोघींच्या पोटातलं इंजिन तर एकच होतं, त्यावर पुढे येतो.

निघताना तिने रामकुंडाच्या पाण्याची झाळलेली गंगाजळी पिशवीत घातली. जहाजावर आमच्या चीफने ती बघितली आणि म्हणाला, "लॉकरमध्ये ठेव, पूजा कर, पण बॉयलरच्या पाण्याजवळ आणू नकोस." यात अनादर नव्हता. वाफेच्या जहाजावर बॉयलरमध्ये जातं ते समुद्राच्या पाण्याची वाफ करून, थंड करून मिळवलेलं शुद्ध पाणी. त्यात क्षाराचा अंश शिरला की नळ्या आतून खायला सुरुवात. दर पाळीला नमुना काढायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी दुधाळ झालं की सगळ्यांचे चेहरे उतरायचे, कारण त्याचा अर्थ कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफेचं परत पाणी करणाऱ्या यंत्रात, कुठली तरी नळी फुटली आणि समुद्र आत आला. मग हजारो नळ्यांतली गळणारी नळी शोधायची आणि सापडली की दोन्ही टोकांना बुचं मारून ती कायमची बंद करायची. एवढं मोठं जहाज, आणि त्याचा जीव मुठीत मावणाऱ्या बुचावर. आमच्याकडे त्या बुचांचा डबा असायचा आणि तो कधी रिकामा होऊ द्यायचा नाही, हा माझ्या आयुष्यातला स्पेअर पार्ट्सचा पहिला धडा.

हे एक इथून पुढे पाठवतो. पहिल्या रांगेपासून सुरू करा. काय आहे ते नंतर सांगतो. नखाने कोरून बघायला हरकत नाही, पण शेवटच्या रांगेतून परत आलं पाहिजे.

आता थोडी पार्श्वभूमी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. १९६०च्या दशकात ब्रिटिश नौदलाची लिअँडर नावाची फ्रिगेट होती. चांगलं जहाज. त्यांनी स्वतःसाठी २६ बांधली. तोच आराखडा घेऊन आपण माझगाव डॉकमध्ये सहा बांधली. पहिली नीलगिरी, तिचं जलावतरण २३ ऑक्टोबर १९६८ ला इंदिरा गांधींच्या हस्ते झालं आणि ३ जून १९७२ ला ती नौदलात आली. मग हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि १९८१ मध्ये विंध्यगिरी. इंजिन सगळ्यांचं एकाच घराण्यातलं: दोन बॉयलर, दोन वाफेची टर्बाइन, मिळून ३०,००० अश्वशक्ती.

ही ताकद म्हणजे किती? आपलं एकलहऱ्याचं वीज केंद्र सगळ्यांनी लांबून तरी बघितलंय. तिथला एक संच २१० मेगावॉटचा. आमची ३०,००० अश्वशक्ती म्हणजे साधारण साडेबावीस मेगावॉट. एकलहऱ्याच्या एका संचाचा नववा-दहावा हिस्सा समजा, फक्त तो डोलणाऱ्या लोखंडी डब्यात बसवलेला, आणि शेजारीच माणसं झोपलेली. घरातला कुकर चौरस इंचाला १५ पौंडांवर शिट्टी मारतो. आमची वाफ ५५० पौंडांवर, साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर. अशी वाफ कुठे गळत असेल तर दिसत नाही. कुकरची पांढरी दिसते ती वाफ थंड झालेली. ही बिनरंगी. फक्त कानठळ्या बसवणारा आवाज, आणि तो कुठून येतोय ते कळत नाही. मग झाडूचा दांडा पुढे धरून हळूहळू चालायचं. दांडा जिथे कापला जाईल तिथे गळती. कशामुळे? बहुतेक वेळा फ्लँजमधला, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या कड्यांमधला, एक जॉइंट, म्हणजे गॅस्केट. किंमत विचारली तर हसाल.

सहा लिअँडर बांधता बांधता आपल्या लोकांना वाटू लागलं, आता आपलं जहाज आपण आखावं. लांबी नीलगिरीची सुमारे ११३ मीटर, गोदावरीची सुमारे १२६. क्षेपणास्त्रं हवी, दोन सी किंग हेलिकॉप्टर मावतील एवढा हँगर हवा, आणि साडेतीन-पावणेचार हजार टनांच्या जहाजावर दोन मोठी हेलिकॉप्टर म्हणजे त्या काळात धाडसच. एवढं सगळं वाढवलं, पण इंजिन बदललं नाही. तीच ३०,००० अश्वशक्ती. ज्यांनी आराखडा केला त्यांनी हिशेब मांडला की बूड जरा लांब आणि नीट आकाराचं केलं तर वेग फारसा जात नाही. आणि खरंच ती २७ नॉट्स धावली.

व्याख्यानांत या गोष्टीचं कौतुक जलगतिशास्त्र म्हणून होतं. मला त्यात कोठीघर दिसतं. नीलगिरीची टर्बाइन, पंप, झडपा ज्यांना माहीत होत्या तीच माणसं गोदावरीवर चढली. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीमध्ये तेच इंजिन शिकवत होते. टर्बाइन भोपाळला भेलमध्ये आणि गिअर आपल्या वालचंदनगरला करायची तयारी झाली होती. पुढे कोलकात्यात ब्रह्मपुत्रा, बेतवा आणि बियास बांधल्या, त्याही वाफेवरच. म्हणजे सहा, तीन आणि तीन, अशा बारा जहाजांचा संसार एका प्रकारच्या सामानावर. घरात बारा जावा असाव्यात आणि सगळ्यांकडे एकाच कंपनीचे कुकर असावेत, म्हणजे रबरी रिंग कुणाचीही कुणालाही. माझ्या मते इंजिन न बदलणं हाच त्या आराखड्यातला सगळ्यात शहाणा निर्णय होता. 'जुनंच इंजिन घातलं' म्हणून नाकं मुरडणारेही भेटतात, त्यांना एक मोठी दुरुस्ती करायला लावावी.

इंजिनाच्या वरचं सगळं मात्र सात घरचं सात दारचं. क्षेपणास्त्रं आणि ५७ मिलिमीटरची तोफ सोविएत. एक रडार हॉलंडचं, एक रशियाचं. संगणक इटलीचा. हेलिकॉप्टर ब्रिटनचं. सोनार भारतीय. पुढे इस्राएलचं बराक क्षेपणास्त्र आलं. हे सगळं एकमेकांशी बोलतं करणं ही फार मोठी गोष्ट होती आणि ती आपल्या लोकांनी केली. पण त्यामुळे खालच्या माणसाच्या पेटीत काय झालं बघा. ब्रिटिश वीज ४४० व्होल्ट, ६० सायकल. रशियन वीज ३८० व्होल्ट, ५० सायकल. म्हणजे मध्ये कन्व्हर्टर आले, आणि त्या कन्व्हर्टरचे सुटे भाग आले. खाली इंचाचे पाने, वर मिलिमीटरचे पाने. नवीन पोराला वरून पाना आणायला पाठवलं की तो हमखास चुकीचा आणायचा. तेरा मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचावर बसतो, पण जरा सैल, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. गोल झालेला नट बॉयलरच्या खाली, पाठीवर झोपून, एका हाताने काढायचा असतो. तुमच्यात कुणी मेकॅनिक असेल तर त्याला आत्ताच घाम फुटला असेल.

हे दोन बोल्ट बघा. मागच्यांना दिसत नसतील, हरकत नाही, कारण जवळच्यांनाही फरक दिसत नाही. दोन्ही चार सुती. तरुण मंडळींसाठी सांगतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अंबडच्या कुठल्याही दुकानात आजही 'चार सुती बोल्ट दे' म्हटलं की अर्ध्या इंचाचा मिळतो. सूत हा शब्द इंचाला आपण दिलेला, इंग्लंडमध्ये चालत नाही. तर यातल्या एकाला एका इंचात बारा आटे आहेत आणि दुसऱ्याला तेरा. बारावाला व्हिटवर्थ, १८४१ मधला, त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश. तेरावाला युनिफाइड, कोन ६० अंश. बारावाल्यावर तेरावाला नट लावून बघा. एक वेढा जातो, दीड वेढा जातो, वाटतं बसला, आणि मग अडकतो. घाईतला माणूस म्हणतो गंज असेल, आणि पाईप लावून रेटतो. पुढचं सांगत नाही.

व्हिटवर्थ मेला असं समजू नका. तुमच्या घरच्या नळाच्या पाइपाचा आटा त्याच ५५ अंशांच्या घराण्यातला आहे. रोज सकाळी पंचवटीतली निम्मी जनता त्याच्या भरवशावर आंघोळ करते.

आता मूळ प्रश्नाकडे: सुटे भाग मिळेनासे का झाले? नीलगिरीच्या टर्बाइनच्या घराण्यात इंग्लिश इलेक्ट्रिक हे नाव होतं. मोठी कंपनी. ती जीईसी या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीत विलीन कधी झाली? १९६८ मध्ये. ज्या वर्षी नीलगिरी पाण्यात उतरली त्याच वर्षी. म्हणजे जहाज समुद्रावर जायच्या आधी पाटीवरचं नाव गेलं. कारखाने चालू होते, माणसं होती, म्हणून तेव्हा काही बिघडलं नाही. पण ब्रिटिशांनी स्वतःच्या लिअँडर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच सेवेतून काढल्या आणि आपल्या पुढे वीस-वीस वर्षं चालायच्या होत्या. गिऱ्हाईक एकटंच राहिलं की दुकानदार काय करतो? आधी भाव वाढवतो, मग 'ऑर्डरवर बनवून देऊ' म्हणतो, मग फोन उचलत नाही. १९९५ मध्ये आपण त्यांची अँड्रोमिडा नावाची लिअँडर विकत घेतली, तिचं नाव कृष्णा ठेवलं आणि तिला प्रशिक्षणाला लावलं. ओळखीचं इंजिन असल्याने आमच्यासाठी ती सासुरवाशीण वाटलीच नाही.

आणि मग सगळीकडे होतं ते होतंच. एसटीच्या डेपोत मागच्या कोपऱ्यात एक गाडी उभी असते बघा, चाकं नाहीत, रेडिएटर नाही, सीट नाहीत. बाकीच्या गाड्या तिच्यावर जगतात. दुरुस्तीला गोदीत उभ्या असलेल्या जहाजाचा पंप समुद्रावर जाणाऱ्या जहाजाला जातो. कागदावर 'तात्पुरता' असं लिहितात. ब्रिटिश नौदलात यासाठी सरळ 'स्टोअर रॉबरी' असा शब्द आहे, दरोडाच. काम भागतं, पण एका पंपासाठी तो दोनदा काढावा आणि दोनदा बसवावा लागतो, आणि प्रत्येक वेळी एखादा जुना बोल्ट हातात तुटून येतो.

कोठाराबद्दल थोडं. जहाजावर थोडे स्पेअर, बाकी घाटकोपरच्या, नौदलाच्याच मटेरियल ऑर्गनायझेशनच्या गोदामांत. प्रत्येक वस्तूला तेरा आकडी नंबर. पहिले चार आकडे वस्तूची जात सांगतात. ५३१० म्हणजे नट आणि वॉशर, ५३३० म्हणजे पॅकिंग आणि गॅस्केट, ४८२० म्हणजे झडपा. पुढचे दोन आकडे देशाचे. ९९ म्हणजे ब्रिटन, ७२ म्हणजे भारत. मला हा खेळ फार आवडायचा. डब्याची चिठ्ठी वाचून कळायचं की हा वॉशर कुठून आला. माझ्या नोकरीच्या शेवटी ९९ चे डबे कमी होत गेले. पण सगळे ७२ झाले असंही नाही. काही ठिकाणी फळीच रिकामी राहिली.

१९९७ मध्ये मी नौदल सोडलं आणि अंबडला एक लेथ आणि एक ड्रिल घेऊन शेड सुरू केली. नाशिक निवडायला दुसरं कारण नाही, घर इथे. पण जागा चांगली निघाली. सातपूरला मायकोने डिझेल इंजिनाचे नोझल करायला सुरुवात केल्यापासून या गावात केसाएवढ्या भोकाला घाबरणारं कुणी नाही. ओझरला मिग आणि मग सुखोई विमानं. म्हणजे तपासणी, ड्रॉइंग, टॉलरन्स हे शब्द इथल्या रिक्षावाल्यालाही माहीत. बॉयलरचा स्प्रेअर म्हणजे तेलाचा फवारा करणारी तबकडी, ती नोझलचीच मोठी बहीण. मधलं भोक थोडं झिजलं की ज्योत लांबते, भट्टीच्या विटा चाटते आणि चिमणीतून काळा धूर निघतो. वरून ब्रिजवरून फोन येतो, "काळा धूर कोण सोडतंय?" जणू आम्ही हौसेने सोडतोय.

माझी पहिली ऑर्डर मात्र स्प्रेअरची नव्हती. एका पंपाच्या वेअरिंग रिंग होत्या, सहा नग. ड्रॉइंग नाही, नमुना दिलेला. ही रिंग पंपाच्या पोटात बसते आणि इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाची, मान तिच्यात फिरते. दोघांमध्ये अगदी थोडी फट असते, वहीच्या चार कागदांएवढी. फट वाढली की पंपाने ढकललेलं पाणी मागच्या मागे परत येतं. मी नमुना मायक्रोमीटरने मोजला, तीनदा मोजला, धातू तपासून घेतला, सहा रिंग अशा काढल्या की बघत राहावं. घेऊन मुंबईला गेलो. बसवल्या. पंप चालू केला. दाब येईना. एक कोकणी फिटर होता, निवृत्तीला आलेला. त्याने माझी रिंग हातात घेतली, जुनी रिंग हातात घेतली आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही नवी कोरी जुनी रिंग बनवलीत."

नमुना झिजलेला होता. मी झीजसुद्धा हुबेहूब उतरवली होती.

वीस वर्षं तोच पंप मी उघडलेला. मला फट माहीत नव्हती का? माहीत होती. पण जहाजावर असताना मी रिंग बसवणारा होतो, शेडमध्ये रिंग बनवणारा झालो आणि बसवणाऱ्याला विचारायचं विसरलो. मला विचारायला हवं होतं की इम्पेलरची मान आज किती आहे, कारण तीही झिजलेली असते आणि नवी रिंग त्या मानेला बेतून करावी लागते. शिंप्याने जुना सदरा मापाला घेतला आणि माणूस बघितलाच नाही, तसं. सहाच्या सहा भंगारात गेल्या. पैसे गेले ते गेलेच, गाडीत बसून कसाऱ्यापर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

त्या दिवसापासून एक वही केली. प्रत्येक नगाचं माप, पण त्याच्याबरोबर तो कशावर घासतो, त्याच्या शेजारी कोण बसतं, पाणी गोडं की खारं, गरम की गार. आता अशा अकरा वह्या आहेत. पोरं म्हणतात कॉम्प्युटरवर घाला. घातल्यात. पण तेलकट अंगठ्याचा डाग ज्या पानावर आहे ते पान नेहमी महत्त्वाचं निघतं, आणि डाग स्कॅनमध्ये नीट येत नाही.

दुसरी अडचण मापाची नाही, संख्येची. सहा रिंगा लागतात. ओतकामवाल्याकडे गेलो की तो म्हणतो, गनमेटलची भट्टी पेटवायची तर किमान अमुक किलो ओतावं लागेल. तुझ्या सहा रिंगांसाठी मी पॅटर्न करू, टेस्ट बार ओतू, प्रमाणपत्र आणू? त्याचं चुकत नाही. मोटारीचा भाग महिन्याला हजारांनी जातो. जहाजाचा भाग पाच वर्षांतून सहा. म्हणून मी चार-पाच ऑर्डरी साठवून एकाच दिवशी ओतून घ्यायचो आणि ओतकामवाल्याला त्या दिवशी कोंडाजीचा चिवडा न्यायचो. त्याचा काही उपयोग झाला की नाही माहीत नाही, पण भट्टी पेटायची. २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टल आलं, तिथे बाहेरून येणाऱ्या भागांच्या याद्या घरबसल्या दिसतात. चांगली सोय आहे. आमच्या वेळी कुठला भाग लागतोय हे कळायलाच कँटीनमध्ये चार चहा प्यावे लागत.

बरं, ती वस्तू कुठवर आली? पाचव्या रांगेत? मावशी, तुम्ही नखाने कोरलंत ना? पावडर निघाली? तर ऐका. तो समुद्राच्या पाण्याच्या झडपेचा अर्धा स्पिंडल, म्हणजे झडप उघडणारा दांडा आहे. जहाजाचं नाव सांगणार नाही, पुरवणाऱ्याचंही नाही. स्थानिक खरेदीत आला होता, दिसायला झकास, पिवळाधमक. आठ-नऊ महिन्यांनी एका रात्री पाळीवरच्या पोराने झडप बंद केली. चाक फिरलं, फिरतच राहिलं, आणि झडप जागच्या जागी. आत स्पिंडल मोडला होता. पाणी थांबवायला दुसरीकडची झडप शोधून बंद करेपर्यंत आमचे घोटे भिजले होते.

मोडलेल्या जागी रंग बघा, गुलाबी आहे. आपल्या तांबट आळीतल्या कारागिराला विचारलंत तर तो बघताक्षणी सांगेल की हे तांबं आहे. पण हा स्पिंडल पितळेचा होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते तांब्याचं जाळं, स्पंजासारखं. आकार तोच, माप तेच, आटे तेच. मायक्रोमीटर लावलात तर पास. ताकद मात्र शून्य. तिथे हवं होतं गनमेटल: १०० भागांत ८८ तांबं, १० कथील, २ जस्त. पॉलिश करून शेजारी ठेवलं तर सामान्य माणसाला फरक कळायचा नाही. गोड्या पाण्यात हाच पितळी स्पिंडल वर्षानुवर्षं टिकला असता. ज्याने बनवला त्याने कदाचित फसवलंही नसेल. त्याला कुणी समुद्राचं पाणी म्हणून सांगितलंच नसेल. आपल्या देवघरातली समई तिसऱ्या पिढीत चमकते म्हणून पितळ सगळीकडे चालतं असं वाटतं. समई कुणी अरबी समुद्रात ठेवत नाही.

आता वाफ गेली. नवीन फ्रिगेटवर गॅस टर्बाइन. आमचं बॉयलर थंड असेल तर वाफ करायला कित्येक तास लागायचे, हे काही मिनिटांत निघतात. बिघडला तर जहाजावर उघडत बसायचं नाही, अख्खं यंत्र वर काढायचं, दुसरं खाली सोडायचं आणि बिघडलेलं कारखान्यात पाठवायचं. टिफीचं काम सोपं झालं, पण आता कारखाना हाताशी लागतो. आर्टिफिसरला नौदलात टिफी म्हणतात, हे सांगायचं राहिलंच.

कारखाना हाताशी नसला की काय होतं ते तलवार वर्गाच्या फ्रिगेटच्या निमित्ताने बघायला मिळालं. जहाज रशियाचं, टर्बाइन युक्रेनमधल्या मिकोलाइवचं. दोघं एका देशात होते तोवर कुणाला फरक पडला नाही. २०१४ मध्ये क्रिमियावरून बिनसलं आणि युक्रेनने रशियाला इंजिनं देणं बंद केलं. कालिनिनग्राडच्या गोदीत त्याच आराखड्याचे सांगाडे इंजिनाविना उभे राहिले. त्यातली दोन आपण घेतली, २०१८ मध्ये करार केला, आणि इंजिनं आपण युक्रेनकडून विकत घेऊन रशियाच्या गोदीत पोहोचवली. दोन भांडलेल्या भावांच्या मधे मावशीने ताट नेऊन द्यावं तसं. त्यातली तुशील ९ डिसेंबर २०२४ ला आणि तमाल १ जुलै २०२५ ला नौदलात आली. जहाजं उत्तम असतील, मी चढलेलो नाही. पण त्या वर्गाच्या इंजिनाचा एखादा भाग मागणारा कुणी स्टोअरकीपर कुठे बसला असेल तर मला त्याच्याबद्दल कणव वाटते.

वाफेच्या बारा जहाजांपैकी गोदावरी २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झाली, गंगा २०१८ मध्ये, गोमती २८ मे २०२२ ला. नीलगिरी, हिमगिरी, उदयगिरी ही नावं नव्या जहाजांना मिळाली, तीही फ्रिगेटच. आमच्या नीलगिरीवरचा एक सोबती नव्या नीलगिरीचा फोटो बघून म्हणाला, चिमणीच नाही, धूर कुठून सोडतात? उरलेल्या तीन वाफवाल्यांपैकी बियासचं वाफेचं इंजिन काढून डिझेल बसवायचं काम २०२३ मध्ये कोची शिपयार्डला दिलं गेलं, ३१३ कोटी ४२ लाखांचं. मला कुणी विचारलं की वाईट वाटतं का? बॉयलरच्या पोटात घुसून काजळी काढलेल्या माणसाला वाईट वाटत नाही.

प्रश्न? हां, मागे टी-शर्टवाला. मोठ्याने. "काका, वाफेची जहाजं संपत आली तर तुमच्या अकरा वह्यांचं काय करणार?" चांगला प्रश्न आहे, माझी बायकोही हाच विचारते. असं आहे, पंप फक्त युद्धनौकेवर नसतो. मागच्याच वर्षी एका साखर कारखान्याचा माणूस आला होता, जुना ब्रिटिश फीड पंप, पाटी गेलेली, रिंग झिजलेली. मी सातव्या वहीत बघितलं. रिंग सापडली नाही. पण त्या पानावर एक ओळ होती, इम्पेलरची मान आधी मोज. त्याला तेवढं सांगून परत पाठवला. परवा फोन आला, मान मोजली म्हणाला, वाकडी निघाली.

अजून एक? नाही? मग तो स्पिंडल. शेवटच्या रांगेत पोहोचला का? कुणाच्या खिशात गेला नाही ना? ... हां, मिळाला. जरा हळू द्या, अजून थोडा मोडलाय वाटतं.